वाघोबाच्या चढावर थांबलेली मोटार

मी मोटार बोलतेय. मोहटोल्यात वामनरावांच्या घरासमोर, मोहाच्या झाडाखाली पांढरी मोटार उभी आहे ना, तीच मी. गोड बोलणं मला येत नाही. मी बोलायला शिकले ती वच्छलाबाईचं ऐकून, आणि वच्छलाबाई म्हणजे वामनरावांची बायको, चौथीपर्यंत शिकलेली, तोंडाची तिखट बाई. तेव्हा कुठे टोचलं तर सोसून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर मी उभी होते आणि माणसं मला जोडत होती. कोणी दार बसवलं, कोणी काच. सगळ्यांना घाई. त्या घाईत एका हातून माझ्या पोटात एक वस्तू बसवायची राहून गेली. किती बारीक वस्तू, ते पुढे सांगते. मला स्वतःलाही तेव्हा कळलं नव्हतं. आपल्यात काय कमी आहे हे जन्मतः कोणाला कळतं?

त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. वामनरावांची गावात लहानशी धानाची गिरणी होती, पाच-सहा एकर धानाची बांधी होती. मोटारीत मिरवायचा शौक त्यांना नव्हता. मला आणलं ते त्यांच्या कमलासाठी.

कमला त्यांची एकुलती लेक. दिली होती ऊर्जानगरला, जावई वीज केंद्रात. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि ऐन पावसाळ्यात तिचं अडलं. मूल नावाच्या तालुक्याच्या गावी, दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली, ती बांधीजवळच्या चिखलात रुतली. बाळ गेलं. त्या दिवशी चिखलात उभं राहूनच वच्छलाबाई नवऱ्याला म्हणाली होती, "अजी, दुसऱ्या खेपेले माही पोरगी बैलाच्या मागं नाई जाणार. काहीबी करा."

त्यांनी मला केलं. त्र्याऐंशी साली मी मोहटोल्यात आले.

गाव जमलं. शेजारची गिरजाबाई हातात लिंबं घेऊनच आली. ती गावची सुईण, वच्छलाबाईची लहानपणची मैतरीण. म्हणाली, "वच्छले, चाकाखाली लिंबू ठेव वो. नवी गाडी हाय."

"माह्या घरी लिंबाचं सरबत होते," वच्छलाबाई म्हणाली. "दे इकडं, सगळ्याईले पाजतो."

छप्पन सालापासून त्या घरात ना लिंबू कापलं गेलं, ना नारळ फुटला. त्या वेळी वच्छलाबाई बारा-तेरा वर्षांची पोर होती, बापाचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेलेली. तिनं माझ्या टपावर मेणबत्ती लावली, सगळ्यांनी मिळून त्रिशरण म्हटलं आणि सरबत प्याले. गिरजाबाईनंही पेला उष्टावला आणि तोंड वाकडं केलं, "साखर कमी हाय." असं माझं बारसं झालं.

आता वाघोबाचं सांगते. मोहटोल्याहून मूलला जायचं तर जंगलातून एक चढ लागतो. चढाच्या अर्ध्यावर वळण आहे आणि वळणावर शेंदूर लावलेला लाकडाचा वाघ. तिथली रीत अशी, की वाघोबासमोर कोणी घुरघुरायचं नाही. बांबूचे ट्रक असोत, एसटीची लाल गाडी असो, तिथं इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, झाडाचं एक पान वाहायचं आणि मगच पुढे जायचं. वामनराव तिथं हॉर्न वाजवायचे नाहीत, वेग कमी करायचे, पण इंजिन बंद करायचे नाहीत.

वच्छलाबाई म्हणायची, "तो त्याच्या जागी, मी माह्या जागी. मी त्याले शिवी देत नाई अन् नारळबी देत नाई."

सकाळच्या गारव्यात मी तो चढ हसत चढायची. पण दुपारच्या उन्हात, चार माणसं बसली, की माझ्या पोटात काहीतरी व्हायचं. छाती दाटायची, पेट्रोल वर येईना. मी खोकत खोकत वळणापाशी यायची आणि बंद पडायची. नेमकी त्या वाघासमोर. मग तास-दीड तास काही केल्या सुरू व्हायची नाही. ऊन कललं की आपोआप सुरू.

गावाला तेवढंच पुरलं. "वाघोबानं धरली," लोक म्हणाले. "वच्छलाबाईची अकड धरली." आणि पारावर बसणारा लटारू गिरणीवर येऊन विचारायचा, "काऊन वामनराव, पराणी टोचली त बैल तरी उठते. हिले काय टोचता?"

वच्छलाबाई मला घेऊन चंद्रपूरच्या शोरूममध्ये गेली. घेऊन म्हणजे वामनराव चालवत होते, पण घेऊन गेली तीच. तिथं मोठं आवार, कडुनिंबाची गार सावली. मेस्त्री मला सावलीत रात्रभर ठेवायचे, सकाळी किल्ली फिरवायचे आणि मी लगेच सुरू व्हायची. मला इतकी लाज वाटायची! दुखणं सांगायला डॉक्टरकडे जावं आणि तिथं पोहोचताच दुखायचं थांबावं, तसं माझं व्हायचं.

मॅनेजर पंख्याखालून म्हणायचा, "बाई, गाडी एकदम मख्खन आहे."

"इथी मख्खन हाय, तिथी दगड होते," वच्छलाबाई म्हणायची. "भरदुपारी चार माणसं बसवा अन् त्या चढावर चला. एक डाव माह्यासंगं बसून पाहा ना."

"आमचा माणूस जंगलात येत नसतो. तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

"चूल पेटून नाई राह्यली, हे समजाले मले कालेज लागत नाई."

मॅनेजर हसायचा. वरून दम भरायचा, की बाहेर कुठल्या मेस्त्रीनं बॉनेट उघडलं तर गॅरंटी गेली म्हणून समजा. वामनराव सरळ माणूस. छापील शब्दाला मान देणारे. मूलचा मेस्त्री म्हणाला होता, "भाऊ, मी पाह्यतो ना," तर यांनी त्याला हातही लावू दिला नाही. लोखंडाचं झाकण ते, पण त्याला देव्हाऱ्यासारखं सोवळं आलं.

शेवटच्या खेपेला वच्छलाबाई आवाज न चढवता बोलली, हे मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, "साहेब, पोरीचे दिवस भरत आले. उन्हाळ्यातच होईन. एक डाव बसून पाहा."

मॅनेजरनं चहाचा घोट घेतला. "वाघोबा अडवतो म्हणता ना लोक तुमच्याकडचे? मग फोडून टाका एक नारळ. देवाच्या कामात कंपनी काय करणार?"

कमला सोबत होती. माझ्या मागच्या सीटवर पोटावर हात ठेवून बसलेली. काच खाली होती. तिनं ते ऐकलं.

वैशाखातली दुपार होती. कमलाला कळा सुरू झाल्या. गिरजाबाईनं तपासलं आणि तिचा चेहरा उतरला. "वच्छले, लेकरू पायाळू हाय. माह्या हातचं काम नाई. मूलले ने, लवकर."

वामनरावांनी किल्ली फिरवली. मी लगेच सुरू झाले. वच्छलाबाईच्या मांडीवर कमलाचं डोकं, पायापाशी गिरजाबाई. मी निघाले. जीव खाऊन निघाले. चढ लागला आणि माझी छाती दाटू लागली. मी खोकले, पण थांबले नाही. रांगत होते, पण वर सरकत होते. वळण दिसलं.

गिरजाबाई पुटपुटली, "वच्छले, आज तरी..." तिच्या ओच्यात नारळ होता. तिनं तो गुपचूप आणला होता.

वच्छलाबाईनं लेकीच्या कपाळावरचा घाम पुसला.

मग कमलानं डोळे उघडले. घामानं भिजलेली पोर, आईचा हात घट्ट धरून म्हणाली, "माय, थांबव ना वो एक डाव. तो साहेबबी म्हणे. तुयं काय जाते त्याच्यात?"

वच्छलाबाईनं लेकीकडे पाहिलं. जी बाई गावापुढं वाकली नाही, मॅनेजरपुढं वाकली नाही, ती लेकीच्या त्या एका शब्दापुढं वाकली. म्हणाली, "अजी, थांबवा. बंद करा गाडी."

नको, मी ओरडत होते. आत्ता नको! तापली आहे मी, बंद केलीत तर उठणार नाही! पण मोटारीचं ओरडणं माणसाला घुरघुरीसारखंच ऐकू येतं. वामनरावांनी किल्ली फिरवली. सगळं शांत झालं. नारळ फुटला. गिरजाबाईनं हात जोडले. वच्छलाबाईनं हात जोडले नाहीत, पण मान खाली घातली.

मग पुन्हा किल्ली फिरली. कुर्र, कुर्र, कुर्र. मी पेटले नाही.

बंद केली नसती तर मी तो चढ चढले असते का? छातीवर हात ठेवून सांगते, मला ठाऊक नाही. पण त्या घडीला मी चालत होते, एवढं खरं.

वामनरावांनी ढकललं, एकट्यानं, वर चढावर. मी तसूभर हलले नाही. म्हातारा माणूस रडत रडत माझ्या पाठीला खांदा लावून उभा होता. आणि माझ्या मागच्या सीटवर, भर उन्हात, ते बाळ झालं. मुलगा होता. गिरजाबाईनं पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. तो रडला नाही.

बऱ्याच वेळानं एसटी आली. ड्रायव्हरनं रीतीप्रमाणे इंजिन बंद केलं, पान तोडलं, आणि आम्हाला पाहून ते पान त्याच्या हातातच राहिलं. कमलाला त्या गाडीतून नेलं. ती वाचली.

वच्छलाबाईनं माझी सीट धुवू दिली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात तिनं मला चंद्रपूरला आणवलं, शोरूमच्या दारात आडवी लावायला लावली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. डाग वाळून काळा पडला होता.

मॅनेजर धावत आला. "बाई, गाडी बाजूला घ्या. गिऱ्हाइकं येतात."

"येऊ दे. त्याईलेबी दाखवतो, मख्खन कसं असते ते." तिनं सीटवर हात ठेवला. "नारळ फोडला, साहेब. तुमचं आयकलं. हे पाहा काय भेटलं."

त्यानं सीटकडं पाहिलं आणि नजर वळवली. नंतर पंख्याखाली गेला नाही. हळूच मोठ्या मेस्त्रीला म्हणाला, "जा यांच्याबरोबर."

भरदुपारी मेस्त्री पुढं बसला. मी मोहटोल्याकडून तो चढ चढू लागले, खोकले आणि वाघोबाच्या अलीकडंच बंद पडले. बंद पडल्याचा आनंद मला जन्मात त्या एकदाच झाला. मेस्त्रीनं बॉनेट उघडलं. माझी पेट्रोलची नळी इंजिनाच्या तापलेल्या नळकांड्याला चिकटून पडली होती. ती दूर धरून ठेवायला एक क्लिप असते, बोटभर पत्र्याची. ती कारखान्यात बसवलीच नव्हती. नळी तापायची, आतलं पेट्रोल उकळून वाफ व्हायचं आणि माझा श्वास अडकायचा.

मेस्त्रीनं पिशवीतून क्लिप काढली आणि बसवली. चहा निवायच्या आत काम झालं.

वच्छलाबाई ती क्लिप पाहतच राहिली. मग त्या लाकडाच्या वाघाकडं वळून म्हणाली, "याच्यावर आळ आला. माह्यावर आला. अन् होतं काय, त एवढासा पत्रा."

मेस्त्री हात पुसत सहज बोलून गेला, "तापलेली गाडी वळणावर बंद करायला नको होती, बाई. चालू ठेवली असती तर कदाचित..."

"चूप!" ती अशी कडाडली की मेस्त्रीच्या हातातला फडका पडला. मग जवळ येऊन, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "हे तुमी बोलले नाई अन् मी आयकलं नाई. थांबव म्हणून माह्या पोरीनंच म्हटलं होतं. तिच्या कानावर हे गेलं नाई पाह्यजे. कधीच नाई."

तिनं गावात एवढंच सांगितलं, की कंपनीनं क्लिप बसवली नव्हती. बाकीचं तिनं गिळलं. वामनरावांनी गिळलं. मीही गिळलं. मी कोणाला सांगणार?

त्याला आता पाच वर्षं झाली. त्यानंतर मी त्या चढावर एकदाही बंद पडले नाही. गिरजाबाईनं बोलावलं की गावातल्या अडलेल्या बाया मी मूलला पोहोचवते. वच्छलाबाई पुढं बसते. वळण आलं की नवऱ्याला एवढंच म्हणते, "चालू ठेवा." मग कोणाचं ना कोणाचं लेकरू सुखरूप जन्माला येतं आणि त्याचं बारसं होतं. बारशाच्या घुगऱ्या ती घेते, पण तोंडात टाकत नाही. माझ्या टपावर ठेवते, पाखरं खातात.

कमला पुन्हा गरोदर आहे, दिवस भरत आलेत; आज तिला मूलच्या दवाखान्यात दाखवायला न्यायचं ठरलं होतं. पहाटे वामनरावांनी मला धुतलं, पाणी घातलं, हवा पाहिली. मागच्या सीटवर वच्छलाबाईनं आपलं धुतलेलं लुगडं चौघडी करून अंथरलं. दार उघडं ठेवलं.

कमला अंगणात आली. उघड्या दारापाशी थांबली. सीटकडं पाहिलं. माझं इंजिन चालू होतं, आणि मी जितकं हळू घुरघुरता येतं तितकं हळू घुरघुरत होते.

"माय," ती म्हणाली, "मी एसटीनं जातो. मूलले मावशीकडं राहतो महिनाभर."

"बरी झाली हाय वो गाडी. कंपनीचीच चूक होती."

"माहीत हाय मले." कमलानं पदरानं तोंड पुसलं. "पण थांबव म्हणून मीच म्हटलं होतं ना, माय. त्या सीटवर बसली त मले दुसरं काई आयकूच येत नाई."

वच्छलाबाईनं पाच वर्षं जे लपवलं, ते लेकीनं न सांगताच ओळखलं होतं. तिनं लुगडं उचललं, झटकलं, लेकीची पेटी डोक्यावर घेतली आणि दोघी एसटीच्या थांब्याकडं चालू लागल्या. वामनरावांनी किल्ली फिरवून मला बंद केलं.

आता मी मोहाखाली उभी आहे. टपावर मोहफुलं पडताहेत. माझ्यात आता काही कमी नाही. नळी जागेवर आहे, पेट्रोल भरलेलं आहे, मी भरदुपारीही तो चढ चढेन. वच्छलाबाई चंद्रपूरच्या त्या दारात उभी राहून जे मागत होती, तेच आज मी मागते. पण मी मागते ते त्या पोरीकडं, आणि तिनं नाही म्हटलं तर मी तिला काय म्हणून बोलू?

तरी मागते. कमलाबाई, एक डाव बसून पाहा ना.