टेबलावरची ओली चादर

माझ्या नवऱ्याचं नाव कान्हा. लग्न झालं तेव्हा ते तोंडानं घ्यायला मी लाजायचे, आता घरात सुना आल्या, कसली लाज? आणि कोळीण मी, अहो-जाहो मला तेव्हाही जमलं नाही. ही गोष्ट त्रेसष्ट सालची, आमच्या दिवाळे गावातली. तेव्हा बेलापूरला जायचं तर पायी आणि मुंबईला जायचं तर भरती बघून होडीनं.

कान्हा आफ्रिकेला जाणाऱ्या पॅसेंजर बोटीवर कामाला होता. काम काय, तर जेवणाच्या हॉलमधल्या टेबलांवर पांढऱ्या चादरी घालायच्या, जेवणं झाली की काढून धोब्याकडे द्यायच्या आणि धुतलेल्या पुन्हा घालायच्या. गावात लोक हसायचे. बाळाराम नाखव्याचा पोरगा समुद्रावर गेला आणि चादरी झटकत बसला, म्हणायचे. हसणाऱ्यांना मी तोंडावर विचारायचे, तुमी बोटं देता का त्याला आपली?

कारण कान्हाला उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी जाळं ओढताना हात दोरात सापडला. अंगठा आणि करंगळी राहिली, बाकीची गेली. त्या हातानं ना दोर ओढता येईना ना वल्हं धरता येईना. दीड वर्ष तो ओट्यावर बसून होता आणि कुणाशी बोलत नव्हता. माझी सासू येसूबाई देवाला नवस बोलत होती, आणि मी रोज टोपली घेऊन बाजाराला जात होते नि परत येताना रडत होते.

त्याला काम दिलं कुटिन्हो साहेबांनी. गोव्याचे, उंच, पन्नाशीचे. तेव्हा ते त्या बोटीवर जेवणाच्या हॉलचे मुख्य होते. गोदीवर कुणाच्या तरी ओळखीनं कान्हा त्यांच्यापुढं उभा राहिला आणि हात पाठीमागं लपवला. साहेबांनी तो पुढं घ्यायला लावला, बघितला, आणि एक चादर दिली. घाल म्हणाले. कान्हानं ती घातली आणि तळहातानं अशी सपाट केली की एक सुरकुती राहिली नाही. साहेब म्हणाले, "बशा उचलायचं काम तुला देता येणार नाही. पण चादरीला बोटं लागत नाहीत." त्या दिवसापासून आमच्या घरात पुन्हा बोलणं-हसणं सुरू झालं. साहेबांना मी तोवर बघितलंही नव्हतं, पण देवाला हात जोडताना त्यांचंही नाव घ्यायचे.

तीन वर्षं चांगली गेली. त्रेसष्टच्या चैत्रात कान्हा घरी आला तो तोंड पाडून. साहेब एव्हाना बोटीवरून मुंबईच्या ऑफिसात गेले होते. कंपनी जेवणाच्या हॉलमध्ये नवी टेबलं बसवणार होती, वरून काचेसारखी गुळगुळीत, ओल्या फडक्यानं पुसली की झालं. मग चादरी कशाला? धुवायचा त्रास, इस्त्रीचा त्रास, जागा अडते ती वेगळी. चादरी ठेवायच्या की काढायच्या, ते कुटिन्हो साहेब लिहून देणार होते.

"काढल्या तर?" मी विचारलं.

"तर मी काय करू? बशा धरता येतात काय मला?" कान्हा म्हणाला आणि परत ओट्यावर त्याच जागी जाऊन बसला.

माझे सासरे बाळाराम जुने माणूस. आमच्या खाडीकाठची रीत अशी, की कुठल्या साहेबाकडे काम असलं तर चांगला मोठा जिताडा घेऊन जायचं. मामलेदार असो नाहीतर डॉक्टर, जिताड्याला कोण नाही म्हणत? सासऱ्यांनी हातभर लांबीचा मासा ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि बापलेक मुंबईला गेले. संध्याकाळी मासा घेऊनच परत आले.

"नाय घेतला," सासरे म्हणाले. "ऑफिसात बसून मी मासं घेत नाय, म्हनला. येत्या रविवारी तुमच्या घरी येऊन जेवतो, म्हनला."

आम्ही सगळे हरखलो. घरी येतो म्हणजे काम झालंच, असं आम्हाला वाटलं.

रविवार उजाडला तसा घरात वाद सुरू झाला. सासू म्हणाली, "साहेब झाला म्हनून काय झालं, पाटावर मांडी घालून बसंल. केळीचं पान मांडू." सासरे म्हणाले, "जल्म गेला त्याचा टेबलावर जेवून, त्याचं गुडघं वाकतील काय?" शेवटी शाळेच्या मास्तरांकडून टेबल आणलं. त्यावर शाईचे डाग, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी कोरलेलं नाव. आता ते झाकायला हवं. कान्हाला साहेबांनीच कधीतरी एक विरलेली, बोटीवर नको झालेली चादर दिली होती, ती माझ्या पेटीत होती. ती मी काढली.

भरती लागली तेव्हा सासरे आणि कान्हा होडी घेऊन साहेबांना आणायला गेले. जाताना कान्हा मला म्हणाला, "चादर नीट घाल. बोटीवर घालतो तशी. साहेबांचं पहिलं लक्ष तिकडंच जातं."

आता बोटीवर कशी घालतात ते मला कुणी दाखवलं होतं? मी ऐकलं होतं तेवढंच. घरी आला की कान्हा बोटीच्या गोष्टी सांगायचा, आणि शंभरदा ऐकून मला त्या पाठ होत्या. बोट अशी हलते, लोक असे ओकतात, आणि आम्ही टेबलावर चादर घालून तिच्यावर तांब्यानं पाणी मारतो, तळहातानं दाबून बसवतो, मग बशी जागची हलत नाही. प्रत्येक गोष्टीत चादर आणि पाणी. समुद्र शांत असतानाच्या दिवसाची गोष्ट कोण कशाला सांगेल? मी समजले, चादर ओलीच घालायची असते.

मी घातली चादर, मारलं पाणी. दोन तांबे मारले. साहेब मोठा म्हणून तिसराही मारला.

"अगो, ओली कशाला?" सासू म्हणाली.

"आई, बोटीवर असंच अस्तं. तुमाला काय म्हाईत?" मी ठसक्यात म्हणाले. तेव्हा मी फारच ठसक्याची होते, सासूनं सहन केलं हे तिचे उपकार.

साहेब आले. पांढरी पॅंट, पांढरा सदरा, पायांना खाडीचा चिखल. मी पाय धुवायला पाणी दिलं. ते आत आले, टेबलापुढच्या खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात चादरीवर टेकले. लगेच उचलले. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. चादरीच्या कडेनं पाणी त्यांच्या मांडीवर टपकत होतं.

मी कान्हाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हा मला कळलं, की माझं काहीतरी भलतंच चुकलंय. काय चुकलं ते कळेना, पण नवऱ्याची नोकरी मी बुडवली एवढं कळलं.

"ही चादर कोणी घातली?" साहेबांनी विचारलं.

मग मीच म्हणाले, "मी घातली, साहेब. बोटीवर पानी मारून घालतात, असं ह्यानंच सांगितलं व्हतं. बशी हलत नाय म्हनून."

साहेब हसले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते, म्हणून शपथेवर सांगते. त्यांनी समोरची रिकामी बशी एका बोटानं ढकलली. ती हलली नाही. मग त्यांनी चादरीचा कोपरा उलटून लाकूड उघडं केलं, बशी तिथं ठेवली आणि टेबलाची एक बाजू हातानं जरा उचलली. बशी घसरत गेली. कान्हानं डाव्या हातानं ती झेलली. साहेबांनी कोपरा पुन्हा सारखा केला, बशी त्यावर ठेवली, पुन्हा टेबल उचललं. बशी जागेवर होती.

साहेबांनी टेबल हळूच खाली टेकवलं. मग म्हणाले, "कान्हा, मी आज जेवायला आलो नव्हतो. तुझं काम गेलं, हे तुला तुझ्या घरी येऊन सांगायला आलो होतो. ऑफिसात सांगायला तोंड नव्हतं. चादरी काढा, असं मी गेल्या सोमवारीच लिहून दिलं."

कान्हा आपल्या हाताकडे बघत होता.

"सव्वीस वर्षं बोटीवर काढली," साहेब म्हणाले, "आणि सहा महिने पंख्याखाली बसलो तर पावसाळ्यातला समुद्र विसरलो. गुळगुळीत टेबल बघितलं आणि म्हटलं, वा, छान. टेबलाच्या कडेला पट्टी असते, तिनं बशी खाली पडत नाही. पण टेबलभर धावते, आणि गरम सूप पोरांच्या अंगावर जातं. ते मी डोळ्यांनी बघितलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, वाढ आता. भूक लागलीय."

"चादर बदलते, साहेब. मामंजींचं कोरडं धोतर हाय, ते घालते टेबलावर."

"राहू दे. हीच बरोबर आहे."

आणि ते तसेच जेवले. भिजल्या बाह्यांनी, भिजल्या मांडीनं, जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. कान्हाला त्यांनी शेजारी बसवलं. मला मात्र जेवण वाढताना हुंदके येत होते आणि सासू मला कोपरानं ढोसत होती. ओहोटी लागायच्या आत सासऱ्यांनी त्यांना परत नेलं. जाताना त्यांनी काही कबूल केलं नाही. बघतो, एवढंच म्हणाले.

पुढचे वीस-बावीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कान्हा मला एका शब्दानं बोलला नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला. शेवटी एकदा मीच भडकले. "शिव्या तरी दे," मी म्हणाले. "बोटीवर शांत समुद्रात चादर कोरडी अस्ते, हे एकदा सांगितलं असतंस तर तुजं काय जात व्हतं?"

"त्यात सांगण्यासारखं काय व्हतं?" तो म्हणाला. मला राग आला आणि हसूही आलं.

मग मुंबईहून निरोप आला, बोटीवर हजर हो. पेटी भरून तो गेला आणि दोन दिवसांनी बोट सुटायच्या आधी एका रात्रीपुरता परत आला, मुद्दाम मला सांगायला. नवी टेबलं बसली होती, पण चादरी राहिल्या होत्या. कान्हा राहिला होता. आणि साहेबांनी कंपनीला जे दुसरं पत्र लिहिलं, ते नव्या मुख्यानं हॉलमधल्या सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं होतं. साहेबांना त्या पत्रापायी वरच्यांचं बरंच ऐकून घ्यावं लागलं, असंही ऑफिसात बोलत होते. एकदा लिहून दिलेलं परत फिरवायचं म्हणजे सोपं का असतं?

"काय लिवलंय त्यात?" मी विचारलं.

कान्हानं ते पाठ करून आणलं होतं. "लिवलंय, की माजं आधीचं मत चुकीचं व्हतं. ही चूक मला दिवाळे गावच्या गोजरा कान्हा कोळी या बाईनं दाखवली. ओल्या चादरीवर बशी ठेवून दाखवली."

"आनि?"

"आनि काय? खाली सही."

"मी जमिनीवर, घरात, कोरड्या दिवशी पानी वतलं, ते?"

"ते नाय लिवलं."

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं, पहिल्यापासून. साहेबांनी स्वतःची चूक सहीनिशी कागदावर लिहून दिली होती. माझी चूक त्यांनी कुठंच लिहिली नव्हती.