लाडवाखालचा खेकडा

मुंबईला मे महिन्यात उकडायला लागलं की रावबहादूरांना लहान मुलांचा कळवळा येई. मग ते खंडाळ्याचा बंगला उघडत, गाद्यांना ऊन दाखवत आणि बालवाङ्मय उत्तेजक मंडळाची वार्षिक सभा भरवत. मंडळ दरसाल मुलांसाठी गोष्टींचं एक पुस्तक काढी. त्यासाठी आलेल्या चित्रांतलं सगळ्यांत सरस चित्र मुखपृष्ठावर जाई आणि काढणाऱ्याला रुप्याचं पदक मिळे. सभेला मूल म्हणून एकही नसे. एका साली कुणा सभासदाच्या नातवाने गालिच्यावर सरबत सांडलं होतं, तेव्हापासून मुलांवरचं प्रेम मुलांच्या गैरहजेरीतच करायचं ठरलं.

छत्तीस सालचं पदक लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेतल्या मुक्ताबाईंना जाहीर झालं.

मुक्ता तळेगावजवळच्या इंदुरीची, शेतकऱ्याची लेक. सातवी होऊन पुण्याला ट्रेनिंगला गेली, तिथे चित्रकलेच्या परीक्षाही दिल्या. तिच्या चित्रात इंद्रायणीच्या काठी सात-आठ वर्षांची एक पोर उकिडवी बसली होती. रंगाने काळी, केसांच्या झिंज्या, पुढचा एक दात पडलेला, आणि हातात पाठीकडून धरलेला, नांग्या फाकलेला भलामोठा खेकडा. पोर हसत होती आणि खेकडा रागावला होता.

ही पोर म्हणजे मुक्ताची आई, सरुबाई. सरुबाईचा फोटो जन्मात निघाला नव्हता. तिच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी आणि तिचं आताचं तोंड एवढ्या भांडवलावर, एकेक सुरकुती मनाने पुसत पुसत, मुक्ताने तो चेहरा काढला होता. दुसरं असं चित्र आपल्या हातून व्हायचं नाही, हे तिला ठाऊक होतं.

"आये, तुजी तसबीर पुस्तकावर येनार," तिने इंदुरीला जाऊन सांगितलं, तेव्हा सरुबाई म्हणाली, "माजं थोबाड? पोरं भिऊन पळतील की गं!" पण त्याच संध्याकाळी ती आळीतल्या चार घरी जाऊन आली.

सभेच्या आठवडाभर आधी मंडळाचे चिटणीस तात्यासाहेब शाळेत आले. तपकिरीच्या बोटांनी त्यांनी चित्राची गुंडाळी उलगडली. कडेला एक पिवळट डाग आधीच पडलेला होता. परीक्षकांनी चित्र बघता बघता भजी खाल्ली असावीत.

"बाई, पदक तुमचंच. एकमताने. फक्त तो प्राणी—"

"खेकडा?"

"शी! नाव नका घेऊ, आत्ताच चहा झालाय माझा. समितीतल्या दोघांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मुलांच्या कोवळ्या मनावर काय परिणाम होईल?"

"मुलं हाताने धरतात हो तो."

"कुठली मुलं?" तात्यासाहेबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चिमूटभर तपकीर ओढली. "त्यापेक्षा हातात लाडू द्या. मुलीला जरा उजळ करा. नाक पुसा तिचं."

"नाक वाहत नाहीये तिचं."

"वाहील असं वाटतं."

मुक्ता म्हणाली, "चित्र आहे तसं घ्यायचं तर घ्या. नाहीतर परत द्या."

"छे छे! रागावता काय!" तात्यासाहेब तोंडभर हसले आणि गुंडाळी काखेत मारून गेले. मुक्ताने ते हसू होकाराच्या बाजूला जमा धरलं. तिथेच तिचा हिशेब चुकला. ही मंडळी होकार देताना कपाळाला आठी घालतात. हसतात, ती आपल्या मनातलंच करणार असली म्हणजे.

सभेला सरुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तळेगावहून गाडीने आली. बंगल्याच्या व्हरांड्यात तिला अगदी कडेची, एक पाय लंगडा असलेली खुर्ची मिळाली. पुढे रावबहादूर बालमनाच्या निर्मळपणावर बोलत होते आणि परीक्षक बशीतली भजी संपवून बोटं टेबलाच्या चादरीला पुसत होते. चित्र तीन पायांच्या लाकडी घोडीवर होतं, त्यावर रेशमी रुमाल. भाषण संपलं. रावबहादूरांनी रुमाल ओढला.

टाळ्या झाल्या. मुक्ताने मान पुढे करून पाहिलं.

पोरीचं तोंड दुधाच्या डब्यावरच्या चित्रासारखं गुलाबी झालं होतं. झिंज्यांच्या दोन वेण्या, वेण्यांना फिती. पडलेला दात भरून आला होता. हातात पिवळाधमक लाडू होता, पण खेकडा पुरता बुजला नव्हता. लाडवाच्या डाव्या अंगाने नांगीचं एक टोक अजून बाहेर डोकावत होतं. आणि खाली, मुक्ताच्याच अक्षरात, मुक्ताचं नाव.

"आमच्या भाच्याने केलं हो," तात्यासाहेब तिच्या कानाशी कुजबुजले. श्वासाला तपकिरीचा वास होता. "म्हटलं तुम्हाला कशाला तसदी!" पलीकडे उभ्या असलेल्या भाच्याने लाजून मान लववली. त्याच्या स्वतःच्या चित्राला, बागेत बाहुली खेळवणाऱ्या दोन गोऱ्या मुलींच्या, दुसरा क्रमांक होता.

"लाडू असा उतरलाय, तोंडाला पाणी सुटतं!" एक परीक्षक म्हणाले. तोंडात भजं होतंच.

मुक्ता पुढे झाली. "हे चित्र माझं नाही."

"विनय!" रावबहादूर सभेकडे वळून म्हणाले. "पाहिलात? याला म्हणतात कलावंताचा विनय!" पुन्हा टाळ्या.

एवढ्यात सरुबाई उठून चित्रापाशी आली. डोळे बारीक करून तिने ते वरखाली पाहिलं.

"मुक्ते, ही कोन गं?"

तात्यासाहेबच म्हणाले, "ही इंद्रायणीकाठची बालिका आहे, आजी."

"म्हंजी म्या व्हय?" सरुबाई खुदकन हसली. "बरी हाय की! गोरीपान क्येलीया. म्या कसली कोळसा व्हते! सासू म्हनायची, अंधारात दात दिसत्यात तेवढीच सरू." सगळा व्हरांडा हसला. त्या हसण्याने सरुबाईला आणखी हुरूप आला. "आता हुबी का ऱ्हायलीस? घे ते रुप्याचं. इंदुरीत दावू सगळ्यांस्नी."

समितीची किळस मुक्ताने गिळली असती. शाळाखात्यात दिवस काढलेल्या माणसाला ती सवय असते. पण आई स्वतःच्याच तोंडाला नाक मुरडून चार उपऱ्यांना हसवते आहे, हे तिच्या घशाखाली उतरेना. तिने घोडीवरचं चित्र उचललं.

"अहो बाई! मुखपृष्ठ!" तात्यासाहेब ओरडले.

"मुखपृष्ठावर नुसता लाडू छापा," मुक्ता म्हणाली. "तुम्हाला तेवढाच हवा होता."

ती पायऱ्या उतरली. मागे रावबहादूर पदकाची उघडी डबी हातात धरून क्षणभर घोटाळले. सगळ्यांत जवळ भाचा उभा होता. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि मघापेक्षा कमी नव्हत्या.

खंडाळ्याच्या स्टेशनापर्यंत सरुबाईच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "माती केलीस समद्याची. एवढी मोठी मानसं टाळ्या वाजवीत व्हती! आता आळीत काय सांगू? गेलते आन चा पिऊन आले?"

मुक्ता फलाटावरच्या नळाशी बसली. पदर भिजवून पिळला.

"आये, हे वरचं त्यांचं हाय. खालती तू हायेस. बग."

तिने हलक्या हाताने पुसायला घेतलं. सफेत्यात, म्हणजे जाड पांढऱ्या रंगात, कालवलेला गुलाबी थर दह्यासारखा पदरावर निघू लागला. आधी एक गाल आला, थोडा फिकटलेला पण काळाच. मग डोळा. मग हसू, आणि हसण्यात पडलेल्या दाताची खिंड. सरुबाई बोलायची थांबली. गुडघ्यांवर हात टेकून वाकली.

"अगं बया!" ती हळूच म्हणाली. "ह्यो दात गोठ्याच्या दारावर पडलता. तुला कुनी सांगितलं?"

"तूच की."

"म्या अशी हसत व्हते व्हय गं?" तिने बोट पुढे केलं, पण टेकवलं नाही. "लय द्वाड दिसतीया." बोलताना तिचा आवाज असा झाला होता, की मुक्ताने वर पाहायचं टाळलं.

मुक्ता लाडवाकडे वळली. तिथे सफेता जाड होता. पिवळा रंग निघाला, पांढरा निघाला, आणि खाली काहीच आलं नाही. काळा रंग वर उमटू नये म्हणून भाच्याने खेकडा आधी पात्याने खरवडून काढला होता, बोटांसकट. मनगटापुढे नुसता तंतू निघालेला कागद होता. मुक्ता पदर धरून तशीच बसली.

"आन हात?" सरुबाईने विचारलं.

मुक्ताने त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

"खेकडं ऱ्हाऊ दे मेलं. माजा हात कुटं गेला?"

गाडीची घंटा झाली. सरुबाईने चित्र लेकीकडून काढून घेतलं, नीट गुंडाळलं आणि आपल्या पदराखाली धरलं. मग वर, झाडीतून दिसणाऱ्या बंगल्याच्या कौलांकडे तोंड करून ती पचकन थुंकली.

"मुडद्यांनो," ती म्हणाली, "लाडूच खायाचा व्हता तर मागून घ्यायचा! पोरीचा हात कशापायी खाल्लात?"