ते अकरा सेकंद

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. महाळुंग्यातल्या समाधानच्या फोटो स्टुडिओत राहतो. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, पण कामाला लागलो तो इथेच. दहा वर्षं मी हळदी, बारशी, कंपनीतल्या निवृत्तीचे सत्कार टिपले. मग समाधानने नवा कॅमेरा घेतला आणि मी कपाटाच्या वरच्या खणात गेलो. तिथे दोन पावसाळे पडून राहिलो. काचेवर बुरशी धरू लागली होती.

मला खाली काढलं ते त्याच्या भाचीने, स्वरूपाने. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. मला पुसत म्हणाली, "मामा, हा मला दे. मला गाणं काढायचंय."

तिने गच्चीवर उभं राहून गाणं म्हटलं, मी ते टिपलं, आणि मामाने नेटवर टाकलं. दोन वर्षांत लाखो लोक तिला ओळखू लागले. पिंपरीला बसमध्ये मुली तिच्याबरोबर फोटो काढायला धडपडायच्या. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळाला. खरं सांगतो, मला गर्व झाला होता.

यंदा तिने ब्रेकअपवर गाणं लिहिलं. ते खरं होतं. तिच्या वर्गातला ऋतिक आणि ती वर्षभर बरोबर होते. मे महिन्यात तो म्हणाला, आपण थांबू या. स्वरूपाला ते फार लागलं होतं.

एका बंद शेडमध्ये चित्रीकरण सुरू होतं. तिथे ऋतिक तिला भेटायला आला. दोघं दाराशी बोलत उभे राहिले. मी समोरच स्टँडवर होतो आणि समाधान मला बंद करायला विसरला होता. बोलता बोलता ऋतिक रडू लागला. त्याचं रडू मी स्पष्ट टिपलं. मला तेवढंच येतं.

स्टुडिओत समाधानने ते आवाज न लावताच पाहिलं आणि तो खुर्चीतून उठलाच. "लई भारी! असा अभिनय कुणाला जमणार नाही."

"तो अभिनय नाही, मामा," स्वरूपा म्हणाली. पण ती रागात होती. थोड्या वेळाने म्हणाली, "राहू दे. मला कोण सोडून गेला ते लोकांना कळू दे."

अकरा सेकंदांचा तो तुकडा शुक्रवारी झलक म्हणून बाहेर पडला. आवाज काढून वर गाणं लावलं होतं. पूर्ण व्हिडिओ शनिवारी संध्याकाळी पाचला यायचा होता. शनिवारी सकाळपर्यंत लोकांनी ऋतिकचं नाव, कॉलेज, घर, सगळं शोधून काढलं. कुणी त्याच्या रडण्यावर विनोद केले, कुणी शिव्या दिल्या.

दुपारी दोनला ऋतिकची आई, पुतळाबाई, स्टुडिओत आली. पायांत चपला नव्हत्या.

"सकाळधरनं पोरगं घरात न्हाई. फोन बी बंद हाय," ती म्हणाली. मग स्वरूपाकडे बघत तिने विचारलं, "माझं पोरगं रडताना काय बोलत व्हतं गं? त्ये का न्हाई दावलंस?"

स्वरूपाने मला सुरू केलं. माझ्यातून ऋतिकचा आवाज आला : "आपण भांडलो तरी तू त्याचा व्हिडिओ करतेस. सारखं कुणीतरी बघतंय असं वाटतं. मला नाही सहन होत गं. आजचं हे तरी आपल्या दोघांत राहू दे."

स्वरूपाला ते माहीत होतं. पण त्याच्या आईसमोर ऐकताना तिला मान वर करता येईना.

"मामा, झलक काढ. पाचचा व्हिडिओ थांबव."

"अगं, सगळ्यांना सांगून बसलोय. आता मी तोंड कुठं लपवू?"

"आणि त्याने कुठे लपवायचं, मामा?"

समाधानने खुर्ची ओढली. तो संगणकापुढे बसला आणि त्याने झलक, व्हिडिओ, सगळं पुसलं. तेवढ्यात पुतळाबाईचा फोन वाजला. दिघीहून तिची बहीण इंदुताई बोलत होती. ऋतिक तिच्याकडे आला होता. गच्चीवरच्या खोलीत त्याने आतून कडी लावली होती आणि हाका मारल्या तरी तो ओ देत नव्हता.

सगळे गाडीत बसले. मी स्वरूपाच्या मांडीवर होतो. रस्त्यात ट्रकांची रांग लागली होती. पुतळाबाई दर मिनिटाला बहिणीला विचारत होती, "बोलला का? खिडकीतनं दिसतूय का?" स्वरूपाने मला इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या मनगटाची नाडी मला जाणवत होती.

गच्चीवर पोहोचल्यावर तिने दार वाजवलं. "ऋतिक, मी स्वरूपा."

तिने पुन्हा पुन्हा वाजवलं. मग आतून आवाज आला, "कॅमेरा आणलायस?"

पुतळाबाईने डोळे मिटून भिंतीला पाठ टेकली. पोरगा बोलला होता.

"आणलाय," स्वरूपा म्हणाली. तिने माझं झाकण उघडलं, आतलं कार्ड काढलं आणि दाराखालून आत सरकवलं. "यात तू आहेस. आमच्याकडचं बाकीचं मामाने पुसलं. लोकांनी जे उतरवून घेतलं ते मला परत आणता येणार नाही. तू नको म्हणाला होतास, तरी मी टाकलं. मी चुकले."

खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. शेवटी कडी सरकली. ऋतिकचे डोळे सुजले होते. त्याने स्वरूपाकडे पाहिलंच नाही. आईला म्हणाला, "आये, भूक लागलीय."

ते दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत. स्वरूपाने लोकांना सांगितलं की चूक तिची होती. त्यावर तिलाही शिव्या पडल्या. ऋतिकने दोन महिने कॉलेज बुडवलं, मग तो जाऊ लागला. कुठेतरी, कुणाच्या तरी मोबाइलमध्ये, ते अकरा सेकंद अजून असतील. गाणं तिने पुन्हा चित्रित केलं. त्यात ती एकटीच आहे, आणि ते फार थोड्यांनी पाहिलं.

मित्रांनो, मी आता पुन्हा वरच्या खणात आहे. मला विसरलात तरी चालेल. पण माझे भाऊबंद तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आहेत. समोर रडणारं माणूस दिसलं तर आम्हाला डोळे मिटता येत नाहीत. तुम्हाला आमची तोंडं फिरवता येतात. तेवढं करा.