रिकाम्या तारखेचा रकाना

रोहिणीने दुसरा रकाना पुन्हा तपासला. रिकामाच होता.

ब्राह्मणपुरीच्या माहेरघरी, ओसरीत लॅपटॉप मांडून ती एका रेडिओ दुर्बिणीचं सॉफ्टवेअर सुधारत होती. दुर्बीण म्हणजे आकाशाकडे तोंड करून बसलेल्या मोठाल्या थाळ्या. प्रत्येकीच्या मोजमापात थोडी खोट असतेच. कोणाची किती धरायची, ते एका तक्त्यात नोंदवतात. प्रत्येक नोंदीला दोन तारखा, कधीपासून आणि कधीपर्यंत. दुसरी तारीख भरायची राहिली, की सॉफ्टवेअर बिचारं मुकाट्याने तीच नोंद पुढे चालवत राहतं. कडेची एक थाळी मागे कधीतरी बिघडली होती. 'धरू नये' असा शेरा पडला. थाळी दुरुस्त झाली, शेऱ्याला शेवटची तारीख मात्र कुणी घातली नाही. तेव्हापासून तिचं चांगलं कामही सॉफ्टवेअर न बघताच बाजूला टाकत होतं. रोहिणीला त्या लोखंडी थाळीची चक्क कणव आली.

तेवढ्यात तिची मुलगी रेवा गाल धरून आली. दाढ ठणकत होती. शहाद्याच्या डॉक्टरांनी दुपारी बोलावलं होतं आणि नेमकी तेव्हाच रोहिणीची मीटिंग होती.

धाकटा भाऊ हेमकांत केळीच्या बागेतून येऊन हातपाय धूत होता. एकेकाळी त्याने दारूच्या नशेत ट्रॅक्टर पाटचारीत घातला होता. पुढे दारू सोडली, ती सोडलीच. तरी त्यांचे वडील, आबा, अजून ट्रॅक्टरची किल्ली बंडीच्या खिशात घेऊन हिंडतात. रोहिणीही माहेरी आली की गाडीची किल्ली पर्समध्ये आणि पर्स कपाटात. यावर घरात कधी कुणी बोललं नाही.

"हेमू, रेवाले शहादाले..." ती अडखळली.

"शेजारना मगनले सांगेल शे ना," हेमकांत तोंड पुसत म्हणाला. "गाडी तोच लई जाई. मी पोरसंगे मांगे बठसू."

हवापाण्याविषयी बोलावं तसं तो बोलला. रोहिणीला फार वाईट वाटलं.

तिने रिकाम्या रकान्यात दुरुस्तीची तारीख भरली. मूळ निरीक्षणं कुणी पुसलेली नव्हती. ती एकेक करून परत हिशेबात येऊ लागली. मग उठून तिने कपाट उघडलं आणि पर्समधली गाडीची किल्ली काढून हेमकांतपुढे धरली.

"मगनले नको. तूच लई जा."

हेमकांत किल्लीकडे बघत राहिला. "तू बी चाल ना, ताई."

"मन्ही मीटिंग शे."

रेवा केव्हाच पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. गाडी इतकी हळू निघाली की गल्लीतलं कुत्रंही उठलं नाही.

मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, थाळीवर आता भरवसा ठेवायचा का. रोहिणी "हो" म्हणाली, पण तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. या "हो"वर तिचाच अजून पुरता विश्वास बसत नव्हता.

फोन वाजला.

"ताई, पोचनूत आम्ही. रेवासंगे बोल, म्हणजे तुले खात्री..." हेमकांत थांबला.

"नको," रोहिणी म्हणाली. "तू सांगी दिधं ना, बस झायं."