उलटं जातं

भागुबाईंनी उल्काला गोधडी दिली, पण खरी नव्हे.

मागे एका दुकानदाराने नमुना म्हणून त्यांची गोधडी नेली आणि वर्ष सरायच्या आत तसल्याच गोधड्या मशीनवर शिवून विकायला मांडल्या. तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत. शेजारची उल्का "अक्का, तुमचा नमुना कॉम्प्युटरवर काढते" म्हणाली, तेव्हा त्या कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि मुद्दाम नवी गोधडी शिवायला बसल्या. निपाणीकडे त्यांच्या माहेरी गोधडीच्या मधोमध दळणाचं जातं असे. तिरकी ठिगळं अशी लावायची, की ते फिरतंयसं वाटावं. भागुबाईंनी ते उलट फिरवलं. उलटं जातं मयताच्या गोधडीवर शिवतात. चोराच्या पदरी तेच पडू दे.

उल्का पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथं कानडी मुलखात, के. आर. पुरमला आलेली, डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकायला क्लासला जायची. रोज दुपारी भागुबाई तांदळाचं ताट घेऊन तिच्याकडे बसत. हात तांदळात, नजर पडद्यावर. उल्का एक ठिगळ काढायची आणि बघता बघता त्याची चार करायची.

"चोरालासुद्धा एवढं पटकन जमत नाही गं."

"अक्का, क्लासच्या सरांपेक्षा मला तुमचीच भीती वाटते."

"वाटू दे."

एका दुपारी उल्काने छापील कागद पुढे केला. "उद्या एक्स्पोर्टवाल्यांना दाखवायचाय. बाळांच्या दुपट्यांसाठी हवाय त्यांना."

भागुबाईंनी चष्मा लावला. मधोमध उलटं जातं. खाली ठळक अक्षरांत: नमुना, भागुबाई, निपाणी.

ताट त्यांनी बाजूला ठेवलं. त्यांच्या नावानिशी हे पाळण्यात जाणार होतं.

"हे फिरवता येतं का? डावीकडचं उजवीकडे?"

"आरशातल्यासारखं? येतं की." पडद्यावर जातं क्षणात सुलटं झालं. उल्का वळली. "पण गोधडीत तर उलटं आहे. आधी का नाही बोललात?"

"बघत होते."

"काय?"

"खाली कुणाचं नाव घालतेस ते."

उल्काने गोधडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती नजर भागुबाईंच्या ओळखीची होती. इतके दिवस ती त्यांचीच होती.

"आता तरी हे खरं आहे ना, अक्का?"

भागुबाई उठून घरी गेल्या. ट्रंकेतली आईच्या हातची गोधडी आणून त्यांनी उल्काच्या मांडीवर ठेवली.

"ताडून बघ. आणि मी इथंच बसते. बघून झाली की परत दे."