दोन मिनिटांत बसवलेली चूक

सुवा शहरातला एक म्हातारा, खिशात मावणारा टेपरेकॉर्डर आहे मी. माझं झाकण रबरबँडने धरून ठेवलेलं आहे आणि टेप पुढे पळवायचं बटण एकदा आत गेलं ते अजून बाहेर आलेलं नाही. तरी मित्रांनो, मला कमी लेखू नका. या बेटावरच्या अकरा जणांना मी साहेब केलं आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबर खोक्यातून निघालेले भाऊ गाणी वाजवायला गेले. मी मात्र बाजारातल्या एका दुकानात दोन वर्षं काचेमागे बसून राहिलो. मग मला मिस डॅफ्नी यांनी उचललं. बँकेत तीस वर्षं माणसं निवडून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि सिडनीच्या व्यवस्थापन महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या तरुणांची मुलाखतीची तयारी करून घेत होत्या.

त्या मुलाखतीत गणित विचारत नाहीत. पुढाकार घेतल्याची, साहेबाशी न पटल्याची, चूक केल्याची एखादी वेळ सांगा म्हणतात. माणूस चांगलं वागला की नाही हे तिथे दिसायची सोय नसते, म्हणून तो चांगलं सांगतो की नाही ते पाहतात. मॅडमनी चार पायऱ्या ठरवल्या होत्या: प्रसंग काय होता, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, त्यातून काय निघालं. आणि हे सगळं दोन मिनिटांत.

आमच्याकडे स्वतःची स्तुती करणाऱ्याला गावात तोंड दाखवायची चोरी. त्यामुळे पहिला महिनाभर सगळे "आम्ही मिळून केलं", नाहीतर "देवाने करून घेतलं" असंच म्हणत.

"देवाने अर्ज केलेला नाही," मॅडम म्हणत. "तू केलायस. पुन्हा सांग."

मी पुन्हा ऐकत असे. ते माझे सुखाचे दिवस होते. निवड झालेले तरुण जाताना माझ्यावर फुलांची माळ ठेवून जात.

मग आपेनिसा आला. वय एकोणतीस, धक्क्यावर माल चढवणाऱ्या टोळीचा मुकादम. मॅडमनी विचारलं, "तुझ्या हातून झालेली एखादी चूक सांग."

त्याने सांगितली, मित्रांनो. कॅसेटची एक बाजू संपली, तरी तो सांगतच होता. कादावू बेटावर जाणाऱ्या बोटीवर पिंपं चढवायची होती. त्याच्या टोळीतला इसिकेली, वय बावीस, खालून ओरडला होता, "दादा, दोर घासलाय, बदलूया." आपेनिसा म्हणाला होता, "एवढी एक खेप होऊ दे, मग बदलू." त्या खेपेला दोर तुटला आणि पिंप खाली इसिकेलीवर आलं. चौकशीत 'जुना दोर' एवढंच लिहिलं गेलं. इसिकेलीचं बोलणं धक्क्यावरच्या गोंगाटात कोणाला ऐकूच गेलं नव्हतं, एक आपेनिसा सोडून. तीन वर्षांत त्याने ते पहिल्यांदा बोलून दाखवलं, तेही मला आणि मॅडमना.

मॅडमनी त्याला चहा दिला. मग म्हणाल्या, "चांगली आहे. लांब आहे."

दुसऱ्या दिवसापासून काटछाट सुरू झाली. 'मेला'चं 'गंभीर घटना' झालं. इसिकेलीचा 'एक सहकारी' झाला. दोर बदलूया म्हणणारं वाक्य वेळेत बसेना, म्हणून गेलं. शेवटी आपेनिसाने सुरू केलेली दोर तपासायची वही आली आणि अठरा महिन्यांत एकही अपघात नाही, हे फलित आलं. मॅडम कॅसेटच्या बाबतीत काटकसरी. प्रत्येक नवं सांगणं मी जुन्यावरच उमटवलं. पंचविसाव्या वेळेला त्याचा आवाज बरोबर योग्य जागी भरून येऊ लागला.

मुलाखत सोमवारी होती. शनिवारी त्याचा मामा त्याला म्हणाला, "परदेशी जायचं तर आधी त्या घरी जाऊन माफी मागून ये. तशीच मान वर करून विमानात बसू नकोस."

माफी मागताना द्यायचा व्हेलचा दात आणि पेय करायची यांगोनाची मुळं घेऊन ते इसिकेलीच्या गावी गेले. बसमध्ये सरावासाठी मॅडमनी मला त्याच्याबरोबर दिलं होतं, म्हणून मी त्याच्या खिशात होतो. चटईवर दाराजवळ सगळे मान खाली घालून बसले. रिवाजाप्रमाणे मामाच बोलला: आमच्या माणसाच्या देखरेखीत तुमचा मुलगा गेला, आमची मान खाली आहे.

इसिकेलीची आई सालासेइनी म्हणाली, "छान बोललात. पण धक्क्यावर तुम्ही नव्हतात. त्याला बोलू दे."

मी त्याच्या छातीशीच होतो. आधी नुसती धडधड ऐकू आली. मग आवाज आला, तो मॅडमच्या खोलीतला होता. "त्या वेळी माझ्या हाताखाली नऊ जण होते आणि वेळेचा मोठा ताण होता." 'एका सहकाऱ्या'पाशी तो अडखळला. नाव घ्यायचं होतं त्याला, मला कळलं. पण पुढचं वाक्य मागून ढकलत आलंच. वही आली, अठरा महिने आले. "या अनुभवाने मला घडवलं," असं म्हणून तो थांबला. बरोबर दोन मिनिटं.

"रेडिओवर असतो काय हा?" कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं.

सालासेइनी हसली नाही. "एक विचारू? माझ्या पोराला खोट काढायची फार सवय. छपराला भोक पडलं की आधी त्यालाच दिसायचं. त्या दिवशी दोराबद्दल तो काही बोलला होता का रे?"

या प्रश्नाची तयारी करून घेतलेली नव्हती. खोलीत कोणीच घाई करत नव्हतं. घड्याळ नव्हतं.

"नाही मावशी," आपेनिसा म्हणाला. "काही नाही बोलला."

"मग तू तरी काय करणार," ती म्हणाली.

म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवून व्हेलचा दात स्वीकारला. माफी झाली. तिने त्याला पानात बांधून मासा दिला. सिडनीत असला मिळायचा नाही म्हणाली.

त्याची निवड झाली. परीक्षकांना त्याचा प्रामाणिकपणा विशेष भावला, असं पत्रात होतं. मॅडम माझ्यातली ती दोन मिनिटं पुढे कित्येक वर्षं नव्या मुलांना नमुना म्हणून ऐकवत.

आता मुलं फोनवर सराव करतात. मी फळीवर पडून आहे, पोटातल्या सेलना गंज चढला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं मी म्हणायला हवं. राखा, नको कशाला म्हणू. पण तुमच्या हातून काही झालं, तर ते आधी ज्याचं काही गेलं त्या माणसाकडे घेऊन जा. अडखळत, लांबलचक, नाक पुसत सांगा. माझ्याकडे नंतर या. मला नुसतं ऐकता येतं. सालासेइनीला माफ करता येत होतं. तिने केलंही, पण तिला जे सांगितलं तेवढंच.