पाच बाटल्या

"काका, हे पाच ठिपके बघा." रुचिराने लॅपटॉप बाळा घाडीच्या पुढ्यात सरकवला. "अख्खा प्रबंध ह्या पाचांवर उभा आहे."

बाळाने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. पडद्यावरची ठिपक्यांची रांग वीस दिवस चढत गेली होती, मग पाच दिवस आडवी चालली होती आणि सहाव्या दिवशी एकदम वर उडाली होती. त्या पाच दिवसांच्या तारखा त्याला वाचाव्या लागल्या नाहीत.

अंधेरी पूर्वेच्या त्या प्रयोगशाळेत बाळाला सत्तावीस वर्षं झाली होती. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड जमिनीखालच्या काळ्या कातळात कोंडला तर त्याचा दगड होतो का, आणि किती दिवसांत, हा रुचिराचा विषय. जाड पोलादी भांड्यात कातळाची भुकटी, खारं पाणी आणि दाबाने भरलेला वायू, नव्वद अंशांवर नव्वद दिवस. रोज सकाळी दहाला बाळा बारीक व्हॉल्व्ह उघडून चमचाभर पाणी काढायचा, गाळायचा, बाटलीत भरून तारीख घालायचा. कातळ विरघळतो तसं त्या पाण्यातलं कॅल्शियम वाढत जातं.

रुचिरा समजावून सांगत होती. कॅल्शियम पाच दिवस जागचं हललं नाही, म्हणजे जेवढं विरघळत होतं तेवढंच पांढरा चुनखडक होऊन परत बसत होतं. विसाव्या दिवशीच वायूचा दगड व्हायला लागला. इतक्या लवकर कुणालाच अपेक्षित नव्हतं. नंतरच्या उडीचाही तिने अर्थ लावला होता: कातळावर बसलेला चुन्याचा पापुद्रा तडकून विरघळणं पुन्हा सुरू झालं असणार. सोमवारी बंगळुरूच्या परिषदेत हे सगळं ती मांडणार होती. शेवटचं पान तिने मुद्दाम मोठ्याने वाचलं. नमुने घेण्यातल्या काटेकोरपणाबद्दल श्री. बाळकृष्ण घाडी यांचे आभार.

बाळाने फडकं पुन्हा उचललं. ती हसली. काका लाजले, असं तिला वाटलं.

ते पाच दिवस गणपतीचे होते. रजा मंजूर होती. शेजारच्या लॅबमधला राजेश म्हणालाही होता, मी काढतो रे रोजची बाटली, एकदा दाखव फक्त. पण आपल्या व्हॉल्व्हला दुसऱ्याचा हात लागलेला बाळाला खपत नसे. कणकवलीची गाडी पकडायच्या दिवशी सकाळी त्याने पाच बाटल्या एकापाठोपाठ एक भरल्या आणि त्यांवर पुढच्या पाच तारखा घातल्या. कमी झालेला दाब वायू सोडून पुन्हा होता तिथे आणला. दगड पाच दिवसांत पळून थोडाच जाणार होता? रुचिरा तेव्हा मुलुंडला घरी डेंग्यूने झोपून होती. तिने फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, सोय केलीय, मॅडम. तिने पुढे काही विचारलं नव्हतं.

रात्री भांडुपच्या घरी तो भात नुसता चिवडत बसला. त्याच्या बायकोने, वनमालाने, ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं, की गप्प बसलं तर कुणाला कळणार नाही.

"तुमका कळला मा?" ती म्हणाली. "मगे झाला. सांगा तिका."

दुसऱ्या दिवशी रुचिरा यायच्या आधीच तो तिच्या टेबलाशी उभा होता. रात्रभर जुळवलेली वाक्यं तोंडात आली नाहीत. त्याने नुसतं काय केलं ते सांगितलं.

"पाचही एकाच सकाळी?"

"साडेनऊ ते दहा."

ती खुर्चीवर बसली. एकेक करून तिने पाचही ठिपके पुसले. उरलेल्यांतून रेघ ओढली तर ती सरळ चढत गेली, कुठल्याही पुस्तकातल्या रेघेसारखी. मग तिने आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. सोमवारचं रद्द करावं लागेल, नमुन्यांत माझ्याकडून चूक झाली, प्रयोग पुन्हा लावते. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. ती हो सर, हो सर करत राहिली.

"माझं नाव सांगा ना, मॅडम," फोन ठेवल्यावर बाळा म्हणाला.

"प्रयोग माझा आहे. नाव माझंच लागणार." ती त्याच्याकडे वळली. "नमुने घेतले नाहीत एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं, काका. मी पाच जागा रिकाम्या सोडल्या असत्या."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तिच्या शिष्यवृत्तीचे चार महिने उरले होते आणि नवा प्रयोग तीन महिने खाणार होता. लिहायला महिनाही धड उरत नव्हता. आठ दिवसांत बाळाने भांडं धुऊन, नवं वॉशर घालून तयार केलं. दाब रात्रभर टिकतो का, हे त्याने दोनदा तपासलं. कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या सकाळी दहाला त्याने व्हॉल्व्ह उघडला, बाटली भरली, तारीख घातली. रुचिरा मागे येऊन उभी होती. तो बाजूला झाला तशी ती पुढे झाली आणि तिने स्वतःची एक बाटली भरली. तिचा हात सराईत नव्हता, दोन थेंब ओट्यावर सांडले. बाळाने ते पुसले नाहीत. त्याने आपलं पेन तिच्यापुढे धरलं.

"आहे माझ्याकडे," ती म्हणाली.

त्याने पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं, आणि तिची तारीख लिहून होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.